शेवटच्या डॉकवरची थाप

पटलं नाही तर सोडून द्या, पण याला बनवाबनवी म्हणू नका. हे ज्याच्यावर गुदरलं तो माझा आतेभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा. माणूस इतका सरळ, की कामाला दांडी मारायची तरी त्याला आजारी असल्याचं सांगता येत नाही. गेल्या रविवारी त्याने मला हे सांगितलं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

रात्रबित्र काही नव्हती. मरणाची दुपार होती. गोदामाचं मोठं आवार, सिमेंटची जमीन, डोक्यावर ऊन. भुतांना अंधारच लागतो असं ज्याला वाटतं, त्याने निवांत राहावं.

दादाचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून तो सासुरवाडीला राहत होता. बायको, मुलगी आणि तो, तिघं बाहेरच्या खोलीत. सासरे सकाळी पेपर वाचायला तिथेच येत आणि त्याचं अंथरूण पायाने सरकवत. "जावईबापू, उठा आता," म्हणत. दादा हसण्यावारी न्यायचा. वहिनी हसायची नाही.

मग त्याला मालवाहतुकीच्या एका कंपनीत ट्रक चालवायचं ट्रेनिंग मिळालं. शिकवणं फुकट. पास झालं की नोकरी पक्की, वर राहायला कंपनीची खोली. नापास झालं की चालतं व्हायचं.

निघताना वहिनी दारात म्हणाली, "खोलीची किल्ली घेऊन या. नाहीतर येऊच नका."

शिकवायला एक मास्तर होता. तोंड कायम आंबट, हातात कायम स्टीलची पट्टी.

"पुढे कुणीही नेतो," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "ज्याला मागे घेता येते तो ड्रायव्हर."

बंद बॉडीचा मोठा ट्रक उलटा नेऊन डॉकला, म्हणजे माल चढवायच्या ओट्याला, टेकवायचा. मास्तर मुद्दाम आरशांवर पोती बांधायचा. मागे एक शिकाऊ उभा राहायचा आणि पत्र्यावर हात मारायचा. एक थाप म्हणजे ये. दोन थापा म्हणजे थांब. बस, एवढंच.

चुकलं की पट्टी बोटांवर. चाळिशीला आलेले, पोराबाळांचे बाप, पण बोटं तोंडात घालून उभे राहायचे. उलट कुणी बोलायचं नाही. नोकरी सगळ्यांनाच हवी होती.

डॉक एका ओळीत होते. शेवटच्या डॉकवर मात्र मागे कुणाला उभं करत नसत. तिथे नुसत्या अंदाजाने गाडी टेकवायची. परीक्षाही तिथेच व्हायची.

का, ते कुणी विचारलं नाही.

दादा तिथे पहिल्यांदा गाडी मागे घेत होता, तेव्हा शेजारच्या सीटवर मास्तर बसला होता. बाकीचे जेवायला गेलेले. आवारात चिटपाखरू नव्हतं. गाडी हळूहळू मागे सरकत होती, आणि...

थप. थप.

दादाने ब्रेक दाबला.

"का थांबलास?"

"दोन थापा आल्या, मास्तर."

मास्तरची नजर पोतं बांधलेल्या आरशाकडे गेली. मग पट्टी उचलून त्याने बोटांवर अशी हाणली की दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मागे कोण उभं आहे? तुझा सासरा?"

दादा उतरून मागे गेला.

कुणी नव्हतं.

गाडी आणि ओटा यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा उरली होती. गाडीचा धक्का सोसायला ओट्याला लावलेलं काळं रबर जुनं होतं, उन्हाने भेगाळलेलं. त्यातला मधला एक तुकडा तेवढा नवा होता.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी त्याचं नाव 'थापाड्या' ठेवून टाकलं. कँटीनच्या मावशी मात्र हसल्या नाहीत. चहा ओतता ओतता, वर न बघता म्हणाल्या, "मागच्या तुकडीतला होता एक. तिथे उभा राहायचा. त्याने दोन थापा मारल्या. गाडीवाला थांबलाही होता. शेजारून मास्तर म्हणाला, अजून दोन फूट आहेत, ये मागे."

"मग?"

"मग काय. आला मागे."

चुकीच्या जागी उभा होता, असं कंपनीने सांगितलं. रबर बदललं. मास्तर तसाच राहिला.

"घाबरू नका," मावशी म्हणाल्या. "तो थांबच म्हणतो ना. चांगलाच आहे बिचारा."

परीक्षेच्या दिवशी मास्तर शेजारी बसला. बाकीचे आवारातल्या शेडखाली रांगेत उभे. मास्तरने आधीच सांगून ठेवलं, "आज थांबलास तर बॅग भरायची."

दादाने गाडी मागे घेतली. मनात फक्त किल्ली होती. ओटा जवळ आला असेल, आणि...

थप. थप.

दादाचा पाय ब्रेकवर गेला. तो तिथून उठेना.

मास्तरने शिवी घातली, दार उघडलं. "मी उभा राहतो मागे. माझी थाप तरी ऐकशील? बघू आज कोण थांबवतं ते."

त्याच्या बुटांचा आवाज गाडीच्या कडेकडेने मागे गेला. मग बंद झाला.

थप.

एक. दादाने गाडी थोडी मागे घेतली.

थप.

पुन्हा एक. तो कान टवकारून दुसऱ्या थापेची वाट बघत होता. अजिबात घाई करत नव्हता.

थप...

थप...

आणि गाडी टेकली. इतकी अलगद टेकली की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. दादा हसला. झालं, खोली मिळाली, असं तो मोठ्याने म्हणालासुद्धा.

मग समोरच्या काचेतून त्याला शेडखालची माणसं दिसली. सगळी त्याच्याकडेच धावत येत होती.

नंतर प्रत्येकाने एकच सांगितलं. मास्तर दोन्ही हातांनी दोन-दोन थापा मारत होता. पार शेवटपर्यंत. ओरडतही होता. गेटवरच्या माणसालाही ते ऐकू गेलं.

दादाने एकेकच ऐकली होती.

कंपनीने सांगितलं, मास्तर चुकीच्या जागी उभे होते. रबराचा अजून एक तुकडा बदलला. नवी तुकडी तोंडावर आली होती आणि शिकवायला माणूस नव्हता. गाडी एवढी अलगद टेकवणारा दुसरा कोण होता? दादाला मास्तरचीच जागा दिली, आणि मास्तरचीच रिकामी झालेली खोली. किल्लीबरोबर कंपनीच्या साहेबांनी ती स्टीलची पट्टीही त्याच्या हातात ठेवली.

वहिनी आली. पडदे लागले. मुलीला अभ्यासाचा कोपरा झाला. सासरे येऊन, दारातच चपला काढून, खुर्चीच्या कडेवर बसून गेले. दादाला वाटलं, सुटलो.

गेल्या महिन्यात नव्या तुकडीतला एक चष्मेवाला शेवटच्या डॉकवर गाडी घेत होता. आधी तो शिंपी होता, हात नाजूक. दादा शेजारी बसलेला. मध्येच त्याने ब्रेक दाबला.

"मास्तर, दोन थापा आल्या."

दादाने काहीच ऐकलं नव्हतं. वरच्या खिडकीत साहेब उभे राहून बघत होते. आणि दादा म्हणाला,

"अजून दोन फूट आहेत. ये मागे."

गेल्या रविवारी त्याच्या कंपनीच्या खोलीत बसून हे सांगताना त्याने मान वर केली नाही. "मी ठरवून नाही रे बोललो," तो म्हणाला. "तोंडातून आलंच."

चष्मेवाला ब्रेकवरचा पाय काढेना. "तुम्हीच एकदा मागे जाऊन बघता का, मास्तर?"

दादाने दाराच्या कडीला हात घातला. तेवढ्यात मागून, अगदी हळू, लहान मुलाला जवळ बोलवावं तशी...

थप.

एकच.

दादा उतरला नाही. त्याने पट्टी काढली आणि चष्मेवाल्याच्या बोटांवर मारत सुटला. रक्त आलं तरी थांबला नाही. रडत रडत त्या माणसाने गाडी मागे घेतली आणि टेकवली.

मागे कुणी नव्हतं. या वेळी नव्हतं.

"नोकरी सोड," मी म्हणालो.

दादाने खोलीतल्या पडद्यापलीकडे पाहिलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली होती. "आणि जाऊ कुठे?" तो म्हणाला. "परत त्या बाहेरच्या खोलीत?"

भर दुपार होती, खिडकी उघडी होती, बाहेर ऊन. आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर...

थप.

मीही ऐकली. देवाशपथ ऐकली. ती खोली ओळीतली शेवटची आहे, त्या भिंतीपलीकडे कुणी राहत नाही.

दादा माझ्याशीच बोलत होता, उद्या नवी तुकडी येणार आहे असं काहीतरी. बोलता बोलता त्याने खुर्ची थोडी मागे सरकवली. आपण काय केलं ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

भिंत अजून दोनेक फूट लांब होती.