बिननावाचा फॅलन

"माझ्या मुलानंच चोरी केली, एवढं सिद्ध करून द्या," वसुधाकाकू म्हणाल्या. "परवा मी कायमची पुण्याला निघाले. त्याला निरोपाचा फोनसुद्धा करणार नाही."

मोहनला चहा गोड लागेना. खासगी तपासनीस असलेल्या आपल्या बायकोची, कौमुदीची, गाडी चालवायची आणि अधूनमधून बाळबोध प्रश्न विचारायचे, एवढंच त्याचं काम. पण परदेशातल्या, डून लेरी गावच्या त्या सामान बांधलेल्या घरात त्याला तेही सुचेना.

काकूंचे यजमान पुरुषोत्तमकाका जानेवारीत कोविडनं गेले. जन्म छपाईत काढलेला माणूस. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून मिळणारी बेसबॉलपटूंची चित्रं ते जमवत, त्यातही चुकीची कापलेली. फॅलन नावाच्या खेळाडूचं चित्र सगळ्यात लाडकं. कापणी वर सरकल्यानं पायाखालचं नावच उडालेलं. ते निजायच्या खोलीत फ्रेममध्ये असे.

"अंत्यविधीनंतर बघते तर हे!" काकूंनी फ्रेम पुढे केली. फॅलन तोच, पण खाली नाव शाबूत आणि डोक्यावरही तेच नाव. "आमचा जयदीप डंडॉकहून आला होता. दुसरं कुणी त्या खोलीत गेलं नाही."

"काका हॉस्पिटलला निघाले तेव्हा?" कौमुदीनं विचारलं.

"दार लावून स्वतःच बॅग भरली. मला लागण नको म्हणून. दोन दिवसांत येतो म्हणाले."

काकूंच्या मोबाइलमध्ये जुन्या चित्राचा फोटो होता. कौमुदीनं तो मोठा केला. कापणी तिरकी होती. खाली उजव्या कोपऱ्यात शेवटच्या अक्षराचं टोक तेवढं उरलं होतं.

जयदीप फोनवर तुटक बोलला. "मी घेतलं नाही. आईला आणखी काही विचारू नका, प्लीज."

काकांचे छंदातले मित्र नरेश चेरीवूडहून आले. "मोठ्या कागदावर एकाच खेळाडूचं चित्र एकाखाली एक छापत," ते म्हणाले. "कापणी चुकली की वरच्याचं नाव खालच्याच्या डोक्यावर येई. हे दोन नावांचं तर जास्तच दुर्मीळ. हे ठेवून बिननावाचं नेणारा चोर येडाच म्हणायचा!"

"मग चोर कोण?" मोहननं विचारलं.

"चोर नाहीच," कौमुदी म्हणाली. "या वरच्या नावाचं शेवटचं अक्षर बघा. त्याचं टोक नाही. ते फोटोतल्या चित्रावर राहिलंय. ही दोन्ही त्या कागदावर एकाखाली एक होती. चोराला अशी नेमकी जोडी कुठून मिळणार? ती काकांनीच शोधून ठेवली होती. दार लावल्यावर त्यांनी चित्र बदललं. एक सोबत नेलं, दुसरं तुमच्यासाठी ठेवलं."

"दोन दिवसांसाठी कुणी असं..." काकू थांबल्या. "म्हणजे परत येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं."

मोहनला वाटलं, हे कोडं सुटलं नसतं तर बरं झालं असतं.

काकूंनी जयदीपला फोन लावला.

"बाबांनी सांगू नको म्हटलं होतं?"

"हो. हॉस्पिटलातून फोनवर म्हणाले, मी परत यायच्या आशेनं गेलो असंच तिला वाटू दे. त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं ते चित्र. अंत्यविधीतही तसंच राहू दिलं."

"सहा महिने तुला चोर म्हणतेय मी. ऐकून घेतलंस?"

"चिडलीस की निदान जेवायचीस तरी, आई."

काकूंनी डोळे पुसले नाहीत.

"उद्या ये इकडे," त्या म्हणाल्या. "एकटीनं रडून रडून कंटाळले रे मी."