दोन डाव्या बाजू

जमलं तर तिला बरंच काही मिळणार होतं. उस्तादांच्या पत्राकामाच्या कारखान्यातल्या बाकावरची एकुलती एक रिकामी जागा, हातात पत्रा ठोकायची स्वतःची मोगरी, आणि भावोजींच्या भांड्यांच्या दुकानातून कायमची सुटका. तिथं दिवसभर दुसऱ्यांनी घडवलेले डबे पुसायचे आणि वर ऐकायचं, "मेहुणीबाई, चरे पाडू नका हं." गमावण्यासारखं पदरी काहीच नव्हतं. असा सौदा कोण सोडतो?

ती उंबऱ्यात पाय टाकते न टाकते, तोच सायकल भिंतीला टेकवून वळलेला एक उंच पोरगा तिच्यावर आदळला.

"माफ करा… आधी तुम्ही."

"जागेसाठी आलायत?"

"हो."

"मग आधी मीच!"

तो हसला. गालाला खळी पडली. तिनं ती पाहिली, आणि पाहिलीच नाही असं दाखवलं.

उस्तादांनी अॅल्युमिनियमचे दोन सपाट पत्रे पुढ्यात टाकले. मधोमध मोटरसायकलच्या टाकीचा लाकडी साचा होता, पुढे पोटासारखा फुगीर, मागे शेपटीसारखा निमुळता. "डावी बाजू हिची, उजवी तुझी. पत्रा साच्यावर चढवायचा तो शनिवारीच. तोवर डोळ्यांनी मापा. जी बाजू नीट बसेल, तिच्या धन्याची जागा."

दोघं शेजारी शेजारी बसले. पुढ्यात वाळूनं भरलेल्या चामडी पिशव्या, हातात लाकडी मोगऱ्या. त्यानं पहिल्याच फटक्याला पत्र्याला सुरकुती पाडली.

"अहो, पत्रा आहे तो, चोर नाही! हळू… फिरवत फिरवत."

"मनगट दुखतं हो."

"मग बासरी शिकायची."

ठोकून ठोकून पत्रा ताठरला, की त्यावर साबण चोळायचा आणि साबण काळा पडेपर्यंत शेकायचं. पत्रा पुन्हा मऊ होतो. वडी एकच होती. मागताना बोटं लागायची. मंगळवारपर्यंत 'अहो'चं 'अरे' झालं… आणि साबण गरजेपेक्षा जरा जास्तच संपला.

बुधवारी मात्र तिची मोगरी हवेत थांबली. त्याच्या पत्र्याचं पोट भलत्याच टोकाला फुगत होतं — अगदी तिच्यासारखं. गडी उजवी सोडून डावी घडवत होता!

सांगावं? शब्द जिभेवर आले. मग भावोजींचे डबे आठवले, आणि तिनं ते गिळले. दोन दिवस ती थट्टाही बेतानंच करत होती.

शनिवारी तिची बाजू साच्यावर अशी बसली, की नखही शिरेना. त्याची उजवीकडे चढवली, तर पोटाच्या जागी शेपूट!

"ही पण डावी?" उस्तादांनी कपाळाला हात लावला. "साचा नाकासमोर होता ना रे? बघत कुठं होतास?"

त्याचे कान लाल झाले. "हिच्या हातांकडे."

उस्तादांनी नवी मोगरी तिच्या हाती दिली. "जागा तुझी."

तिनं ती घेतली… आणि परत बाकावर ठेवली.

"थांबा उस्ताद. मला बुधवारीच दिसलं होतं. मुद्दाम बोलले नाही. आणि त्याच्या पत्र्यावरून हात फिरवून बघा — उतार माझ्याहून गुळगुळीत आहे. आता ठरवा."

"बुधवारी?" तो तिच्याकडे वळला. "मग सांगितलं का नाहीस?"

"जागा हवी होती."

"आणि आता नको?"

"आताही हवीच! पण शेजारी तू नसलास, तर मी भांडू कुणाशी?"

"नुसतं भांडायलाच?"

"आधी भांडायला," ती त्याच्या डोळ्यांत बघत ठामपणे म्हणाली. "मग जन्मभर जीव लावायला. चालेल?"

"धावेल!"

उस्तादांनी दोन्ही पत्र्यांवरून बोटं फिरवली. "हिनं लबाडी केली, यानं गाढवपणा. हात मात्र दोघांचे कामाचे. एका टाकीला दोन डाव्या घेऊन मी काय करू? दोन उजव्या घडवा, म्हणजे दोन टाक्या होतील!" आणि पुटपुटत त्यांनी खिडकीजवळची आपली दुपारच्या झोपेची आरामखुर्ची उचलून बाहेर नेली. तिथं दुसरा बाक आला.

हिशेब असा मिटला, की तिला जागा मिळाली, त्यालाही मिळाली, आणि वर नफ्यात दोघांना एकमेकं. भुर्दंड पडला तो उस्तादांना — म्हाताऱ्याची दुपारची झोप कायमची गेली. ठोकाठोकीत ते एकवेळ घोरलेही असते हो… पण त्या दोघांचं हसू मध्येच थांबायचं ना, तेव्हा हमखास जाग यायची!