ट्रक परत वळव, मार्विन

अकोल्यातल्या गौरक्षण रोडवरच्या त्या कार्यालयात सकाळी साडेसातलाच कूलर सुरू होत. बावीस माणसं हेडफोन लावून बावीस वेगवेगळ्या मालिका पाहत बसत. कुणी एकदम हसलं तरी काय झालं म्हणून शेजारचा विचारत नसे. प्रत्येकासमोरची मालिका जगात आणखी एकाच माणसानं पाहिलेली असे, आणि तो माणूस अमेरिकेत असे.

अमेरिकी रुग्णांच्या बोलण्यात आलेल्या मालिकांतल्या वाक्यांचा अर्थ लावणं हे त्यांचं काम. पूर्वी ते सोपं होतं. अमेरिकी माणूस बोलता बोलता एखाद्या जुन्या मालिकेतलं वाक्य टाकून जाई आणि यंत्र त्याचा संदर्भ शोधून देई. मग स्वमालिका आल्या. प्रेक्षक कशाला हसतो, कुठे थांबतो, कुठे डोळे पुसतो हे पाहून यंत्र त्याच्या एकट्यासाठी रोज नवा भाग रचू लागलं. लोक आपापल्या स्वमालिकेतली वाक्यं बोलायचे आणि घरातल्यांनासुद्धा ती कळायची नाहीत. रुग्णाच्या संमतीचा प्रश्न आला की कायद्याला यंत्रानं लावलेला अर्थ चालत नसे, माणसाची सही लागे. त्यासाठी ज्यांच्या डोक्यात आधीची एकही अमेरिकी मालिका नाही अशी माणसं शोधत कंपनी अकोल्यापर्यंत आली होती.

प्रणिता तायडेकडे डेनिस हॉफरांचं काम आलं ते मे महिन्यात. वय अठ्ठ्याहत्तर, गाव टोलेडो. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर त्यांची स्वतःची भाषा गेली होती. उरली होती ती स्वमालिकेतली वाक्यं.

नोंद ४. वाक्य: सूप पुलावर ठेव. संदर्भ: भाग ५८. अर्थ: आत्ता भूक नाही. खात्री: पूर्ण.

नोंद ९. वाक्य: बर्नीस शिट्टी वाजवतेय. संदर्भ: भाग १३१. अर्थ: लघवीला जायचं आहे. खात्री: पूर्ण. नर्सनं पडताळलं.

बर्नीसच्या नोंदीनंतर हॉफरांची मुलगी क्रिस्टन व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा हसली होती. वडिलांशी आपलं इतकं बोलणं गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं, असं तिनं सांगितलं.

मग डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं. केलं तर हॉफर काही वर्षं जगतील, कदाचित अंथरुणातच. नाही केलं तर दहा-बारा दिवस, घरी. निर्णय गुरुवारपर्यंत हवा होता. क्रिस्टननं त्यांनाच विचारलं. त्यांनी तिची बाही घट्ट धरली आणि तीनदा म्हणाले, "ट्रक परत वळव, मार्विन."

हे वाक्य प्रणितानं पाहिलेल्या दीडशे भागांत नव्हतं. दोनशे भाग उरले होते आणि दिवस तीन. ती पाहत होती ती गोठीव प्रत, म्हणजे हॉफरांनी पाहिली तशीच्या तशी जपलेली मालिका. ती मूळ वेगानंच चाले. तेव्हा प्रणितानं तेच केलं जे घाईच्या वेळी सगळं कार्यालय करी. तीच मालिका स्वतःच्या खात्यात उघडून दुप्पट वेगानं लावली. नियमात हे बसत नव्हतं. पण संपलेली मालिका आता पाहणाऱ्याप्रमाणे काय बदलणार, असा सगळ्यांचा समज होता, आणि शाखाप्रमुख काळमेघ सर अशा वेळी चहाला खाली जात.

भाग २८७. बर्फातला रस्ता. मार्विन म्हाताऱ्या वडिलांना ट्रकमध्ये घालून इस्पितळात नेतो आहे. वाटेत वडील त्याच्या हातावर हात ठेवून म्हणतात, ट्रक परत वळव. तो वळवतो. वडील घराच्या ओसरीत, तळ्याकडे पाहत प्राण सोडतात.

प्रणितानं हेडफोन काढले. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या इस्पितळात तिचे वडील एकतीस दिवस नळ्यांमध्ये होते. रोज बोटानं दाराकडे खूण करत. ती रोज म्हणे, उद्या जाऊ. तिनं तोंड धुतलं आणि नोंद लिहिली.

नोंद २३. वाक्य: ट्रक परत वळव, मार्विन. संदर्भ: भाग २८७. अर्थ: ऑपरेशन नको, घरी न्या. खात्री: पूर्ण.

क्रिस्टननं नोंद दोनदा वाचली. मग म्हणाली की हे त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे. हॉफरांना घरी नेलं. ते नवव्या दिवशी गेले. तोवर ते वाक्य म्हणतच होते, आणि दर वेळी क्रिस्टन त्यांचा हात थोपटून सांगत होती, "वळवला, बाबा. आपण घरीच आहोत."

पुढच्या आठवड्यात तिचं पत्र आलं. शोकसभेत तो प्रसंग दाखवायचा आहे, पाठवाल का? बाहेर पाठवायचं तर गोठीव प्रतीतूनच कापावं लागे. प्रणितानं भाग २८७ उघडला.

बर्फ होतं. ट्रक होता. वडील नव्हते. गोठलेल्या तळ्यावर बर्फ फुटून एक माणूस कमरेपर्यंत पाण्यात अडकला होता आणि मार्विन घाबरून ट्रक घेऊन पळत होता. तो माणूस ओरडत होता, ट्रक परत वळव, मार्विन. मार्विन वळवतो. त्याला ओढून बाहेर काढतो. त्याचा एक पाय जातो, पण पुढच्या साठ भागांत तो काठीवर, शिव्या देत, जिवंत असतो.

तिनं स्वतःच्या खात्यातला भाग पुन्हा लावला. तिथे वडील होते. या खेपेला त्यांचं बोट दाराकडे होतं.

काळमेघ सरांनी दोन्ही भाग उभ्यानं पाहिले आणि खुर्ची ओढली. "कायले जीव जाळता, ताई," ते हळूच म्हणाले. "कापून पाठवूच नका. नुसता दुवा पाठवा. ती तिच्या खात्यात उघडल, मंग तिले झेपल तेच दिसल. आपल्याले बोला लागत नाही."

"आणि बाकीच्यांच्या नोंदी?" प्रणितानं विचारलं. मागच्या टेबलांवर एकवीस माणसं दुप्पट वेगानं पाहत होती.

सर चहाला खाली गेले.

संध्याकाळी सहाच्या सुमारास, टोलेडोत सकाळ झाल्यावर, क्रिस्टनचा फोन आला. आवाज शांत होता, बऱ्याच दिवसांनी झोप झाल्यासारखा. पत्राला उत्तर नाही म्हणून केला, म्हणाली. उद्या दुपारी सभा आहे, मुलांना आधी सांगून ठेवायचंय.

"तुम्ही पाहिलाय ना तो भाग? शेवटी मार्विन खरंच ट्रक वळवतो?"

"हो," प्रणिता म्हणाली. "वळवतो."

"कशासाठी?"