मागून लावायची बटणं

मुलांनो, आधी एक करून बघा. उजवा हात खांद्यावरून पाठीवर न्या, पोचेल तितका खाली. आता डावा हात कमरेकडून वर न्या. मधे एक जागा उरली ना? तळहाताएवढी. तिथं खाज सुटली की आपण भिंतीला पाठ घासतो. प्रत्येकाच्या पाठीवर ती जागा असते, आणि तिथं दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो.

आता डोळे मिटा आणि मुलींची एक रांग बघा. सगळ्यांच्या कपड्यांना बटणं पाठीवर. प्रत्येक मुलगी तिच्या पुढचीची बटणं लावते आहे. दिसली रांग? मग सांगा, सगळ्यात मागे जी उभी आहे तिची बटणं कोण लावेल?

घाई करू नका. आधी गोष्ट ऐका.

एकोणीसशे शहात्तर सालचा एप्रिल. मी रामदासपेठेजवळच्या एका शाळेत चौथीला शिकवत होते. नागपूरच्या उन्हामुळे शाळा सकाळी सातलाच भरायची. माझ्या वर्गात गोपिका नावाची मुलगी नवीन आली होती. तिची आई त्या हिवाळ्यात वारली. वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. म्हणून त्यांनी तिला मावशीकडे आणून ठेवलं होतं.

तेव्हा मुलींच्या फ्रॉकना बटणं मागून असत. गोपिकेचं वरचं बटण लावलेलं असायचं, खालचंही असायचं, आणि मधली सगळी उघडी. मुली चिडवायच्या, "गोपे, खिडकी लाव, धूळ येऊन राहिली." ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची. प्रार्थनेआधी मी तिला जवळ घ्यायचे, म्हणायचे, "वेणी पुढे घे." ती वेणी खांद्यावरून पुढे घ्यायची आणि मान थोडी वाकवायची. ही सवय तिला आईची होती, हे न विचारता कळायचं.

तिची मावशी वच्छलाबाई माझे ब्लाउज शिवायची. एका डॉक्टरांच्या बंगल्यामागे आउटहाउसमध्ये ती राहत होती. लांबट खोली, दोन टोकांना दोन दारं, दोन्ही एकाच व्हरांड्यात उघडणारी. एकटीनं पोट भरत आलेली बाई. मी बटणांचा विषय काढला तेव्हा तिनं शिलाई न थांबवता उत्तर दिलं.

"बाई, तुमी लावून देता म्हणून तर थे शिकत नाही. मले कोनं लावून देल्ली जन्मात?"

"अहो, पण तिचा हात पुरत नाही."

"पुरंन. गरज पडली का समद्यांचेच पुरतात."

ती वाईट नव्हती. गोपिकेच्या ताटात पहिली पोळी पडायची. पण तिनं त्या मुलीला कधी हात लावलेला मी पाहिला नाही.

त्याच दिवसांत पुष्पलता मॅडमचं काम आलं. त्या कॉलेजात शिकवायच्या. सीताबर्डीच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना कागदी नमुन्यांचा गठ्ठा मिळाला होता. कापड कापण्याआधी ज्यावरून मापं घेतात तसे बाहीचे, पाठीचे, कॉलरचे कापलेले कागद. सातवा एडवर्ड राजा होता तेव्हाच्या, सत्तर वर्षांपूर्वीच्या फॅशनचे. कधीच्या बंद पडलेल्या मुलींच्या एका बोर्डिंगातून ते आले होते, असं दुकानदार म्हणाला होता.

"फुग्याच्या बाह्या परत आल्यात, वच्छलाबाई," मॅडम म्हणाल्या. "मला साडीवर असंच हवं. कॉलर कानापर्यंत, लेसची. आणि बटणं मागून, कागदात आहेत तशीच."

"समोरून हूक लावून देऊ का? मागून म्हनजे लावाले दुसरं मानूस लागते."

"लागू दे की."

"हो, मिस्टर आहेतच घरी," वच्छलाबाई म्हणाली. "त्याइच्या हातांले तरी काय काम आहे?"

मॅडम खूप हसल्या. मीही तिथंच होते. मी बाहीचा कागद हातात घेतला. हाताळून हाताळून तो कापडासारखा मऊ झाला होता, कडेनं टाचण्यांची भोकं होती. मी तो नाकाशी नेला. जुन्या कागदाचा वास आला नाही. नुकत्याच न्हालेल्या केसांचा आला.

वच्छलाबाईनं पांढऱ्या वायलचं पोलकं बेतलं. खांद्याशी बारीक चुण्या घालून बाही फुगवलेली, कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत कापडानं मढवलेली बटणं, हरभऱ्याएवढी, आणि त्यांना दोऱ्याचे फासे. काजं-बटणं करायला प्रयागबाई यायची. म्हातारी, पण सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवणारी. फासे नवीन होते, ते ताणून सैल पडू नयेत म्हणून पोलकं बटणं उघडी ठेवून खिळ्याला टांगायचं असं वच्छलाबाईनं ठरवलं.

सकाळी ती सगळी लावलेली होती.

"गोपिके, खेळाची वस्तू आहे का वं थे?"

"म्या नाही लावली, मावशी."

वच्छलाबाईनं ती उघडली. दुसऱ्या सकाळी पुन्हा लावलेली. तिनं पोलकं पेटीत ठेवून कुलूप घातलं. मग ते उघडं राहिलं.

पण त्या दिवशी गोपिका शाळेत आली ती पाठीवरची सगळी बटणं लावून.

मला आनंद झाला. "मावशीनं लावली?"

"नाही बाई. मागचीनं."

मागच्या बाकावरची मुलगी, असं मी धरून चालले. मग लक्षात आलं की गोपिका वर्गात पहिली आली होती आणि बाकं रिकामी होती. मी तिला जवळ घेतलं. प्रत्येक बटणाच्या दोन्ही बाजूंना फ्रॉकवर ओला ठसा होता, गोल, बोटाच्या टोकाएवढा. सकाळी सातलाही त्या दिवसांत अंगाची काहिली व्हायची. मी एका ठशावर बोट ठेवलं. गार होता. मी बघत असतानाच ते ठसे वरून खाली एकेक करून वाळले.

मी गणित शिकवणारी बाई आहे. घामाचे डाग असतील, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठसे पुन्हा होते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

त्या आठवड्यात मी ब्लाउज आणायला गेले तेव्हा प्रयागबाई व्हरांड्यात बसून पोलक्याची बटणं पक्की करत होती. पोलकं मांडीवर उलटं पसरून ती म्हणाली, "हे तं बोर्डिंगच्या पोट्ट्यांचं आहे. इतक्या वर्सानं पाह्यलं."

तिची आई त्या बोर्डिंगात झाडलोट करायची, तिनं सांगितलं. सकाळी मुली न्हाऊन ओल्या केसांनी व्हरांड्यात रांगेनं उभ्या राहायच्या. मागचीनं पुढचीची बटणं लावायची.

"आणि शेवटचीची?" मी विचारलं.

"थे मेमबाई येऊन लावे. मंग टाळी वाजवे, अन् रांग चाले." प्रयागबाईनं दोरा दातानं तोडला. "मानमोडीच्या तापाची साथ आली, घरोघरी मानसं मेली, त्या साली एक दिवस मेम आलीच नाही. पोट्ट्या उभ्याच."

"मग?"

"मले काय मालूम, बाई? मायनं मले घरी नेलं. आमी जाऊन राहिलो तवा त्या उभ्याच होत्या."

गोपिका दाराशी बसून ऐकत होती. तिनं मान हलवली, जणू हे तिला माहीत होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पोलकं द्यायचं होतं त्या दिवशी संध्याकाळी वच्छलाबाई माझ्या घरी आली आणि तिनं सांगितलं. ती भिंतीला पाठ टेकवून बसली, आणि बोलणं संपेपर्यंत तिनं भिंत सोडली नाही. तिनं सांगितलं तसंच सांगते.

दुपारची वेळ होती. बंगल्याच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागलेल्या, रस्त्यावर माणूस नाही. पोलकं इस्त्री करून झालं होतं. कागदांचा गठ्ठा तिनं सुतळीनं बांधून मशीनजवळ ठेवला होता. संध्याकाळी पोलक्याबरोबर तोही मॅडमकडे परत जायचा होता. तो घरातून जावा असं तिला आता वाटत होतं. का, ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

व्हरांड्यातून आवाज आला. टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. घट्ट काजात बटण बसतं तेव्हा होतो तसा. उभ्या जन्मात तिनं तो इतक्यांदा ऐकला होता की न बघता ती ओळखायची.

ती दारात गेली. गोपिका व्हरांड्याच्या पार त्या टोकाला, दुसऱ्या दाराशी उभी होती. तोंड दाराकडे, वेणी पुढे घेतलेली, मान वाकवलेली.

"काहून उभी आहेस वं तिथं?"

"बटनं लावून राहिल्या, मावशी."

"कोन?"

"मागच्या." मग गोपिका म्हणाली, "मी सगळ्यात पुढं आहो. माह्या पुढं कोनी नाही, मावशी. माहे हात रिकामेच राह्यतात. अन् शेवटची रोज तशीच उभी राह्यते. आज त्या जाऊन राहिल्या. मी मागं जाऊन तिची लावून देऊ?"

वच्छलाबाईच्या तोंडून निघालं, "मंग तुही कोन लावंन?"

गोपिकेनं मान वळवली. मावशीकडे बघत तिनं एक पाऊल मागे टाकलं.

तेव्हा, वच्छलाबाई म्हणाली, मला कळलं की ही पोर निघाली आहे. कुठं ते कळलं नाही. पण मागे जायला निघाली आहे, आणि तिथं तिच्या पाठीशी कुणी नसेल.

ती व्हरांड्यातून चालत गेली. मधला भाग गार होता. पायाखालची फरशी ओली होती. ती अंग चोरून चालली, का ते सांगता येत नाही, लग्नाच्या पंगतीत वाढताना चालतो तशी. आणि गोपिकेच्या मागे जी काही जागा होती तिथं तिनं स्वतःला घुसवलं आणि उभी राहिली.

फ्रॉक अर्धा लावलेला होता.

तिनं पुढचं बटण हातात घेतलं. बहिणीच्या मुलीच्या पाठीला तिचा हात पहिल्यांदा लागला. पाठ गरम होती, आणि हाडं किती बारीक.

मग तिच्या स्वतःच्या पाठीला बोटं लागली.

गार, ओली. मानेखाली सुरुवात केली आणि हळूहळू खाली गेली. कमरेपाशी थांबली. पुन्हा वर आली. बटण शोधत होती.

वच्छलाबाईच्या ब्लाउजला हूक समोरून होते.

बोटं पुन्हा खाली गेली. पुन्हा वर.

गोपिका मान वळवून मावशीच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "हिचं समोरून असते वं." आवाजात काही भीती नव्हती. नवीन मुलीला वर्गातली रीत सांगावी तसा होता.

बोटं थांबली. पाठीच्या मधोमध, आपला हात पुरत नाही तिथं, ती टेकून राहिली.

टाळीची वाट बघत असल्यासारखी.

"मावशी," गोपिका म्हणाली, "माहं बटन पकड. सोडू नको."

"कुठं चालली?"

"सोडू नको फक्त."

ती चालू लागली. समोरच्या दारातून खोलीत. वच्छलाबाई एक बटण चिमटीत धरून तिच्यामागे. पाठीवरची बोटं तिच्यामागे. आणि त्यांच्या मागे फरशीवर अनवाणी ओल्या पायांचा आवाज, एकाचा नाही, पुष्कळांचा, व्हरांड्यातून पार पहिल्या दारापर्यंत.

कापायच्या टेबलाजवळून त्या गेल्या. खिळ्याला टांगलेल्या पोलक्याजवळून गेल्या.

मशीनपाशी, सुतळी बांधलेल्या गठ्ठ्याशेजारी, गोपिका थांबली. मावशी ज्यातून बाहेर पडली होती त्या पहिल्या दाराकडे तोंड करून. तिच्या समोर काही नव्हतं. दार होतं, आणि दारातून ऊन.

मुलांनो, आता सुरुवातीची रांग आठवा. जी सगळ्यात पुढे असते तिचे हात रिकामे असतात. जी सगळ्यात मागे असते तिची पाठ रिकामी असते. मी हा प्रश्न खूप वर्गांना घातला. पहिलीनं चालत, वळसा घालून शेवटचीच्या मागे जावं, हे कुणाला सुचलं नाही.

गोपिकेनं दोन्ही हात पुढे केले, आपल्या खांद्याच्या उंचीवर. बोटं हवेत चाचपडली. तिनं हात थोडे खाली घेतले. मग आणखी खाली.

मग ती गुडघ्यांवर बसली.

"केस पुढं घे," ती हळूच म्हणाली.

तिच्या गुडघ्यांसमोरच्या कोरड्या फरशीवर पाण्याचे चारदोन थेंब पडले, आणि गोपिकेनं वरच्या बटणापासून सुरुवात केली.