चौथी तार

“उद्या सकाळपासून तुम्ही काहीही—”

एवढंच वाक्य पेशंटपर्यंत पोचलं. पडद्यावरचा डॉक्टर अर्धवट उघड्या तोंडाने थिजला आणि शेजारच्या चौकटीतला पेशंट नाहीसा झाला.

अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

ती दुभाषी होती. डॉक्टरची भाषा एक, पेशंटची दुसरी, आणि मध्ये ती, घरातल्या आपल्या टेबलाशी. पेशंटचं उद्या ऑपरेशन होतं. काही खायचं-प्यायचं नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. तिने मोबाइलवरून रुग्णालयाला कळवलं, दुसरा दुभाषी मिळाल्याची खात्री करून घेतली आणि मग इंटरनेट कंपनीला फोन लावला. दोन महिन्यांत तीन माणसं येऊन गेली, एकाने तार बदलली, एकाने राउटर बदललं, तिसऱ्याने नुसतीच मान हलवली, हे तिने यादी वाचावी तसं सांगितलं. ऑफिसने आज शेवटची ताकीद दिली आहे, हेही त्याच सुरात. पुन्हा असं झालं तर काम जाणार होतं, आणि त्या घरात काम करणारी ती एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला लाइनमन आला.

पन्नाशी उलटलेला, सावकाश बोलणारा माणूस. कंपनीत त्याला कोणी घाई करत नसे, कारण घाई केली की तो आणखी सावकाश व्हायचा. आल्या आल्या त्याने पिशवी उघडली नाही. स्टूल ओढून बसला.

“रोज जातं?”

“रोज. अकराला जातं, एकच्या सुमाराला येतं.”

“रविवारी?”

“रविवारीही.” ती थांबली. “गुरुवारी जात नाही.”

“गुरुवारी घरात काय वेगळं असतं?”

“काही नाही. माझी सुट्टी रविवारी. मुलीची शाळा शनिवार-रविवार बंद. गुरुवारचं काहीच नाही.”

“घरात कोण कोण असतं, ताई?”

“मी, मुलगी, सासरे. मुलगी सात वर्षांची आहे, दोनपर्यंत शाळेत असते.”

“आणि यजमान?”

“सात महिन्यांपूर्वी घरातून गेले. सापडले नाहीत.”

राउटर कोणत्या महिन्यात बदललं हे सांगावं, तितक्याच सपाटपणे ती बोलली.  लाइनमनने वहीत फक्त ‘गुरुवार’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

सासरे चहा घेऊन आले. सत्तरीतले, ताठ, बोटांची नखं फोटो धुवायच्या औषधांनी कायमची पिवळी पडलेली. आयुष्यभर त्यांनी फोटोग्राफी केली होती, पुढे व्हिडिओ शूटिंगही. दुकान बंद झालं तसं सगळं सामान घरात आलं होतं. बोळात तिपाईवर एक मोठा कॅमेरा उभा होता. लाइनमनने कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा म्हातारा खुलला. भिंगाला बुरशी धरली होती म्हणे, दोन महिन्यांपूर्वी दुरुस्त होऊन आला. आता रोज नातीला टिपायचं, एवढाच उद्योग. मोबाइलवर काढलेलं चित्र त्यांच्या लेखी चित्रच नव्हतं. चेहरा फुटतो, म्हणाले.

लाइनमन बाहेर जाऊन खांबावरची पेटी उघडून आला. शेजारच्या दोन घरांत विचारून आला. तिथे रात्रंदिवस सगळं सुरळीत होतं.

“बाहेरचाच दोष असणार,” सासरे म्हणाले.

“बघू,” लाइनमन म्हणाला.

अकरा वाजून दोन मिनिटांनी लाइन गेली. अकराचं काम आज तिने पुढे ढकललं होतं.

त्याने आपला लॅपटॉप राउटरला जोडला आणि बराच वेळ आकडे बघत बसला. मग दुभाषीबाईला जवळ बोलावलं. बाहेरून घरात येणारा रस्ता जवळजवळ रिकामा होता. घरातून बाहेर जाणारा मात्र काठोकाठ भरला होता.

“म्हणजे कोणी काही उतरवून घेत नाहीये,” तो हळू म्हणाला. “कोणीतरी पाठवतंय.”

“मी नाही.”

“तुम्ही नाहीच. तुम्हाला तर पाठवायला जागाच उरत नाही. पलीकडून आलेलं पोचलं, एवढं सांगायलासुद्धा रस्ता मोकळा लागतो. तो नाही मिळाला की येणारंही थांबतं.”

मग त्याने एकेक वस्तू बंद करायला सांगितली. तिचा संगणक, टीव्ही, तिचा मोबाइल, सासऱ्यांचा मोबाइल. दारावरच्या घंटीचा कॅमेराही. घर मुकं झालं. आकडे तसेच राहिले.

तो राउटरसमोर वाकला. मागे चार तारा होत्या. एक तिच्या टेबलाकडे, एक टीव्हीकडे, एक दाराकडे. तिन्हींचे दिवे विझले होते. चौथी भिंतीच्या भोकातून पलीकडे गेली होती आणि तिचा दिवा जिवाच्या आकांताने लुकलुकत होता.

“ही कुठे जाते?”

“ती होय?” सासरे म्हणाले. “जुनी आहे. माझ्या दुकानाच्या संगणकासाठी ओढली होती. मेली ती कधीच.” जरा थांबून त्यांनी मायेने भर घातली, “तुम्ही उगाच ताटकळू नका हो. आज पाऊण वाजताच येईल लाइन.”

“बरं,” लाइनमन म्हणाला.

सासरे जरा पडतो म्हणून आपल्या खोलीत गेले. दार लागलं. लाइनमनने ओठांवर बोट ठेवून दुभाषीबाईला गप्प राहायला सांगितलं, चौथी तार उपसून हातात धरली आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला.

आकडे खाली आले. त्याच्या लॅपटॉपवर लाइन परत आली.

पूर्ण मिनिटही झालं नसेल. सासऱ्यांचं दार उघडलं.

“काय केलंत?”

“कुठे काय?” लाइनमन म्हणाला. “का हो?”

“नाही... म्हणजे लाइन आली का, विचारत होतो.”

“आली. पण तुम्हाला आत पडल्या पडल्या कसं कळलं?”

 म्हाताऱ्याच्या हातात तारेचं दुसरं टोक होतं. ते आपल्या हातात आहे, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

सासऱ्यांच्या खोलीत काळ्या पडद्यामागे एक कपाट होतं. पूर्वी फोटो धुवायचं सामान तिथे असे. आता तिथे दुकानातला जुना संगणक होता. त्याच्यावर फाइल वाटून घ्यायचं एक सॉफ्टवेअर चालू होतं. लाइनमनने ते शेकडो घरांत पाहिलं होतं. पोरंटोरं त्यावरून सिनेमे घेतात आणि घेता घेता नकळत जगाला वाटतही बसतात. इथे मात्र वाटप साधं होतं. देणारा एक, घेणारा एक.

तो स्टुलावर बसला आणि आता प्रथमच सलग बोलला. म्हाताऱ्याकडे न बघता, सुनेकडे बघून.

“ताई, मला पहिल्यांदा गुरुवार खटकला. बिघाडाला वार कळत नाही. माणसाला कळतो. पण तुमच्या घरात गुरुवारी सुट्टी कोणालाच नाही. म्हणजे वेळ या घराने ठरवलेली नाही. ज्याला पाठवतात त्याने ठरवलेली आहे. तो रोज अकराला मोकळा होतो आणि गुरुवारी कामाच्या जागी नसतो. त्याच्याकडे संगणक तिथलाच असणार.”

ती ऐकत होती.

“दुसरं, दोन महिने. तुमचा त्रास दोन महिन्यांचा, आणि कॅमेरा दुरुस्त होऊन आला तोही दोन महिन्यांपूर्वी. त्या कॅमेऱ्याचं चित्रण मोबाइलपेक्षा कितीतरी जड असतं. तिसरं, मेलेल्या तारेचा दिवा लुकलुकत नाही. आणि चौथं काकांनी स्वतःच सांगितलं. पाऊण वाजता येईल म्हणाले. रोज एक वाजतो. आजची फाइल लहान आहे, हे पाठवणाऱ्यालाच माहीत असणार.” तो म्हाताऱ्याकडे वळला. “काका, चित्र थोडं हलकं करून पाठवलं असतं, तर मी इथे आलोच नसतो.”

“चेहरा फुटतो,” म्हातारा म्हणाला.

पडद्यावर आधी पाठवलेल्या फाइलींची यादी होती. नावांच्या जागी तारखा, आणि तारखेपुढे दोन-दोन शब्द. दात पडला. शाळेत जाताना. ताप उतरला. नवी वही. लाइनमनने यादी तळापर्यंत सरकवली. सगळ्यात जुनी तारीख सात महिन्यांपूर्वीची होती.

दुभाषीबाईने ती तारीख वाचली.

“ते गेले त्याच्या नवव्या दिवशी,” ती म्हणाली.

लाइनमन उठला. इथून पुढचं त्याचं काम नव्हतं. पण तिने हाताने थांबायची खूण केली. साक्षीला कोणीतरी हवं असावं.

“कुठे आहे?”

म्हाताऱ्याने गावाचं नाव सांगितलं. आगगाडीने एका दिवसाचा रस्ता. तिथे एका छापखान्यात रात्रपाळीला असतो. सकाळी मशीन धुऊन पुसून झाली की अकराला सुटतो आणि तिथल्याच संगणकावर बसतो. बुधवारी रात्री छापखाना बंद, म्हणून गुरुवारी सकाळी तो तिथे नसतो. नोकरी गेल्याचं त्याने घरात चार महिने लपवलं होतं. रोज डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसून परत यायचा. मग एक दिवस परत यायचं जमलंच नाही. नवव्या दिवशी त्याचा दुकानाच्या संगणकावर निरोप आला, आणि पोलीस फोनचे तपशील काढतील म्हणून फोन नको असं ठरलं. फाइल सरळ या संगणकावरून त्या संगणकावर जाते, हे म्हाताऱ्याला दुकानाच्या दिवसांपासून माहीत होतं.

“मला का सांगितलं नाहीत?”

“शपथ घातली होती त्याने. म्हणाला, तिला कळलं तर इथूनही जाईन. मग तुम्हालाही सापडणार नाही.” म्हातारा कॉटच्या कडेला बसला. “एक तरी धागा हातात असावा, वाटलं.”

“मला दोनदा शवागारात नेलंत, बाबा.”

“नेलं.”

“बेवारस म्हणून ठेवलेली माणसं होती. मी एकेक चेहरा बघितला. दुसऱ्या वेळी चादर काढायच्या आधी तुम्ही माझा हात धरलात.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं, ते तो नाही.”

“म्हणूनच धरला,” म्हातारा म्हणाला. “सांगता येत नव्हतं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. लाइनमनला वाटलं, आता ही रडेल किंवा काहीतरी फोडेल. तिने दोन्ही केलं नाही. सात महिन्यांत ती दोन्ही गोष्टी करून बसली असावी आणि आता त्यातलं काही उरलं नसावं. तिने पडद्याकडे मान वळवली. आजची फाइल निम्म्यावर थांबली होती.

“तो आता तिथे बसलाय?”

“असणार,” लाइनमन म्हणाला. “तार लावली की पुढचं जाईल. नाहीतर इथे एक बटण आहे, सगळं कायमचं बंद.”

“माझं काम न अडवता ही जाईल का?”

“मर्यादा घालून देतो. चिमटीएवढं पाठवेल. वेळ लागेल, पण तुमचा रस्ता मोकळा राहील.”

“घाला. आजची जाऊ दे. उद्यापासून पाठवायची नाही.”

म्हाताऱ्याने वर पाहिलं. 

लाइनमनने मर्यादा घातली, चौथी तार परत लावली. दिवा आता संथ उघडझाप करू लागला. त्याने कंपनीचा फॉर्म काढला. बिघाडाचं कारण या रकान्यापुढे जरा थांबून त्याने ‘घरातील जुने यंत्र’ असं लिहिलं. तिने सही केली. अक्षर नीट होतं.

मग तिने मोबाइल उचलून पोलीस ठाण्याचा नंबर लावला. तो तिला पाठ होता. तिने नवऱ्याच्या तक्रारीचा क्रमांक सांगितला, तोही पाठच. बेपत्ता माणसांच्या यादीतून हे नाव काढा, म्हणाली. पलीकडच्या हवालदाराचा आवाज लाइनमनलाही ऐकू येत होता.

“सापडले?”

“हो.”

“जिवंत?”

“जिवंत.”

“अभिनंदन, बाई,” हवालदार मनापासून म्हणाला. “फार थोड्या घरांना हे ऐकायला मिळतं.”

“आभारी आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लाइनमन पिशवी खांद्याला लावून दाराशी पोचला तेव्हा म्हातारा बोळात आला होता. सवयीने त्याने तिपाईवरून कॅमेरा काढून पट्टा गळ्यात अडकवला होता. नातीला आणायला जायची तयारी तो रोज अशी आधीपासूनच करून ठेवत असावा.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पट्टा त्याच्या मानेवरून सोडवला, अगदी जपून, भिंगाला बोट न लावता. कॅमेरा परत तिपाईवर ठेवला.

“आज तिला आणायला मी जाईन, बाबा.”

“आणि उद्या?” म्हाताऱ्याने विचारलं.

ती टेबलाशी जाऊन बसली, हेडफोन कानाला लावला आणि पुढच्या पेशंटला आपण कोण ते सांगू लागली.