तांब्याला दिलेला प्राणवायू

प्राणवायू संपत आला असताना आबा तोच भट्टीत का सोडताहेत, हे चारुताला कळेना.

मंगळावरच्या त्या वस्तीत आता तिघेच उरले होते. बारा वर्षांची चारुता, तिचे धातुशास्त्रज्ञ आजोबा म्हणजे आबा, आणि डॉक्टर फिरोजाबाई. बाकीचे चौघे धुळीच्या वादळात सापडले, परत आले नाहीत. चारुताचे बाबा त्यांच्यातच होते. त्याच वादळात प्राणवायू तयार करणाऱ्या यंत्रातली वीज वाहून नेणारी तांब्याची जाड पट्टी शॉर्ट सर्किटने वितळून वाया गेली. टाक्यांत अकरा दिवसांची हवा होती आणि नवी कुटुंबे घेऊन येणारे यान पोचायला चाळीस दिवस होते.

"आबा, ही आपली श्वासाची हवा आहे!"

"नवी पट्टी करायची तर त्यातली दोन दिवसांची भट्टीला द्यायची," आबा म्हणाले. त्यांनी एक काळपट दगड तिच्या हातात दिला. "हे धातुक (ज्यातून धातू काढतात तो दगड). यात तांबं आणि गंधक जोडलेले आहेत. तांबं कमी क्रियाशील, म्हणजे जोडीदाराला फार घट्ट न धरणारं. म्हणून लोखंडाला लागतो तसा कोळसा नको, नुसती उष्णता पुरते. पण गंधकाला बाहेर न्यायला प्राणवायू हवा."

दोघांनी दगड कुटले. भर्जन (धातुक हवेत भाजणे) सुरू झाले. थोड्या वेळाने आबांनी झडप बंद केली.

"आबा, गंधक अजून उरलंय की!"

"उरू दे. अर्ध्याहून जास्त तांब्याचं आता ऑक्साइड झालंय. त्यातलाच प्राणवायू उरलेलं गंधक घेऊन जाईल."

"आणि झडप उघडीच ठेवली तर?"

"सगळंच ऑक्साइड होईल. हवाही गेली आणि तांबंही."

तेवढ्यात धुराच्या नळीचा सांधा फुटला. घसा जाळणारा सल्फर डायऑक्साइड वायू खोलीत पसरू लागला. आबांनी चारुताला बाहेर ढकलून आतून दार लावले. वितळलेल्या तांब्याचा रस पट्टीच्या साच्यात ओतूनच ते बाहेर आले. त्यांना धड उभे राहता येत नव्हते.

पट्टी ओबडधोबड होती, पुरती शुद्धही नव्हती. चारुताने ती स्वतः बसवली. यंत्र घरघरले.

"चाललं?" आबांनी खुणेने विचारले.

"चाललं, आबा."

फिरोजाबाईंनी खूप प्रयत्न केले, पण चौथ्या दिवशी आबा गेले.

दोन दिवस चारुता यंत्राजवळच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने कागद घेतला आणि नवी भट्टी आखली. ही भट्टी वस्तीच्या भिंतीबाहेर होती.

"प्राणवायू नळीने नेऊ, धूर बाहेरच राहील," ती फिरोजाबाईंना म्हणाली. "जादा पट्ट्या करून ठेवू. यानातून येणाऱ्या मुलांना हे मीच शिकवीन."