विश्वनाथच्या हातचे घमेले

कवठ्याच्या तलावातला गाळ काढायला आम्ही सुरुवात केली ती १९३८ साली, होळीनंतरच्या पहिल्या रविवारी. तलाव कोष्टीपुऱ्याच्या मागे, अर्ध्या मैलावर. काठाला कवठाची अकरा झाडे आहेत, म्हणून हे नाव. चाळीस वर्षांत कुणी तो उपसला नव्हता. उन्हाळ्यात मध्यभागीही गुडघ्याएवढे पाणी राहत नसे. कमळे केव्हाच गेली होती. हळदी-कुंकू बदकांचे थवे उतरायचे असे म्हातारे सांगत. मागच्या हिवाळ्यात मी रोज सकाळी जाऊन मोजली, तेव्हा सात भरली.

गोपाळराव वकिलांनी पुढाकार घेऊन तलाव-रक्षण मंडळ काढले. मी आदल्या वर्षी बी.एस्सी. झालो होतो आणि रिकामा होतो, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतले. तलावाचा नकाशा मी काढला. उत्तरेकडच्या लव्हाळ्यात पाणकोंबड्या घरटी करतात, तो भाग तसाच राहू द्यायचा. गाळ फक्त दक्षिणेकडून काढायचा आणि पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, टाकायचा, हे मीच ठरवले. मजूर नव्हते. वस्तीतल्या लोकांनीच दर रविवारी पहाटे साडेपाचला यायचे आणि ऊन चढायच्या आत घरी जायचे.

कामाची पद्धतही माझीच. खड्ड्यापासून पाळीपर्यंत चाळीस माणसांची साखळी, दोघांत साडेतीन फूट अंतर. भरलेले घमेले हातोहात वर जाणार, रिकामी घमेली पाळीच्या कडेने खाली घसरत येणार. नियम एकच: घमेले जमिनीला टेकवायचे नाही. समोरून आले की घ्यायचे, वळायचे, पुढच्याला द्यायचे. एकाने खाली ठेवले की मागची सगळी अडतात. पहिल्या रविवारी खूप गोंधळ झाला, पण तिसऱ्या रविवारपर्यंत हात आपोआप पुढे येऊ लागले. घरी आईने ताट पुढे केले तर मी दोन्ही हातांनी घेऊन डावीकडे वळलो होतो. ती बराच वेळ हसत होती.

विश्वनाथ त्याच तिसऱ्या रविवारी आला. कोष्टीपुऱ्यातला विणकर, माझ्याच वयाचा, चौथी शिकलेला, अंगाने काडीसारखा. आईबरोबर, तुळजाबाईंबरोबर आला होता. मी विचारले की खाली चिखलात उभा राहशील का. तो म्हणाला, "मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जिंदगी चालली जी. मले काय त्याचं." आणि खाली जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी त्याच्या पुढे गोपाळरावांची मुलगी चारुशीला होती. ती कॉलेजात शिकत होती आणि मंडळाचे कागदपत्र माझ्याबरोबर पाहत होती. काम संपल्यावर हात धुता धुता ती मला म्हणाली की विश्वनाथच्या हातून आलेले घमेले हलके लागते. पुढच्या रविवारी तिच्या जागेसाठी दोन म्हाताऱ्यांत चक्क वाद झाला. मग त्यांनी आळीपाळी ठरवून घेतली. लोक मला ऐकू जाईल अशा बेताने बोलत. "बीएस्सी साहेबाचं घमेलं नकाशातलं हाय बाप्पा, अन् विश्वनाथचं फुलाचं."

मला या गोष्टीचे कारण सापडत होते. तो घमेले घेणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर देत असणार, योग्य क्षणी सोडत असणार. असे दिले की स्नायूंना ताण कमी पडतो आणि वस्तू हलकी भासते. मी दोन दिवस घरी बादली घेऊन सराव केला. नंतर चारुशीलाला माझ्या पुढे उभे केले आणि तासाभराने सहज विचारले. ती म्हणाली, "तुमचं जड आहे की. पण चालेल."

मग मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून स्प्रिंगचा काटा मागून आणला. घमेली सारखी भरली जातात का हे पाहायचे आहे असे सर्वांना सांगितले. तीस घमेली मी विश्वनाथच्या हातात जाण्यापूर्वी आणि त्याच्या हातून निघाल्यावर अशी दोनदा तोलली. आधी सरासरी सव्वीस पौंड. नंतर चोवीस. इतर कुणाच्याही बाबतीत फरक दोन औंसांच्या वर नव्हता, आणि तो पाणी गळण्याचा होता. मी काटा प्रमाणित वजनांवर तपासून पाहिला. विश्वनाथच्या पायाशी सांडलेला गाळ शोधला. काही नव्हते. घमेली काठोकाठ भरलेली होती.

हे मी कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर लोक त्याच्या पाया पडायला लागले असते.

एप्रिलच्या शेवटी मला दुसरी गोष्ट दिसली. चिखलात माझे पाऊल दोन इंच रुतत होते. माझ्याहून अंगाने मोठ्या माणसांचे तीन. विश्वनाथचे पाच इंच. मी ते पट्टीने मोजले, तो गेल्यावर. पुढच्या रविवारी सात झाले. तो पाय उपसून काढायचा तेव्हा चिखलातून बाटलीचे बूच निघाल्यासारखा आवाज यायचा. दिसायला तो होता तसाच काडीसारखा होता.

तुळजाबाईंनी मला एकदा कवठाखाली थांबवले. पोराला काय झाले ते बघा म्हणाल्या. मागाच्या पायाखालच्या पावड्यांच्या दोऱ्या रोज तुटत होत्या. "खाटेची सुतळीई तुटली. आता भुईवरच झोपून राहिला. भिंत धरल्याबिगर उठत नाही." मी त्यांना सांगितले की उन्हाळ्याचा थकवा आहे, ताक द्या.

याच सुमाराला गोपाळरावांनी मला घरी बोलावले. शहरातल्या तलावांवर देखरेख करायला एक माणूस नेमायचे ठरत होते आणि नाव सुचवण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. मला हे आधीपासून माहीत होते. ती जागा माझी आहे असे मी घरी सांगूनही टाकले होते. वडिलांनी दोन ठिकाणी पेढे वाटले होते.

गोपाळराव म्हणाले, "गणपतराव, तुम्हाला तर कुठेही काम मिळेल. नकाशे वाचायचं मी विश्वनाथला शिकवीन. माणसं त्याच्याकडे येतात, ते मात्र कुणाला शिकवता येत नाही."

नेमणुकीचे पत्र पावसाआधीच्या शेवटच्या रविवारी, काम संपल्यावर, सगळ्यांसमोर देणार होते. चारुशीला दारात उभी होती. तिला आनंद झालेला दिसत होता. मी चहा संपवला आणि निघालो.

शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी तलावावर एकटाच होतो. उरलेला गाळ मध्यभागी होता आणि तो मऊ होता. मी बांबूने ठिकठिकाणी खोली पाहिली: साडेचार फूट, खाली सगळीकडे टणक मुरूम. त्यावर उभे राहायला सागाची एक रुंद फळी टाकली. दोन गवळ्यांना बोलावून तिच्यावर एकदम चालवले. फळी बोटभर दबली, पुढे नाही.

मी सामान आवरत होतो तेव्हा विश्वनाथ पाळीवरून येताना दिसला. सावकाश, मधे मधे थांबत. जवळ यायला त्याला फार वेळ लागला. तो बसला नाही. बसले की उठवत नाही म्हणाला.

"बीएस्सी साहेब, तुमी शिकलेले हा. एक विचारू का?"

"विचार."

"घमेलं घेतलं का काहीतरी माह्यात राहून जाते. पुढं जात नाही. रविवारी घरी गेलो का भुई पाय धरते. मायले सांगितलं तं ते रडते. उद्या येऊ का नको येऊ? तुमी म्हणान तसं."

त्याचे पाय कोरड्या, कडक पाळीवर होते. तिथेही माती दबली होती.

मला त्या वेळी माझे आकडे पाठ होते. घमेल्यामागे दोन पौंड, सकाळी तीनशेच्या वर घमेली. मी गुणाकार पूर्वीच केला होता. त्यातले सगळे जरी त्याच्यात राहत नसले तरी पुष्कळ राहत असणार. फळी किती पेलते हेही मला माहीत होते, कारण मी ते तासाभरापूर्वीच पाहिले होते.

मी म्हणालो, "शेवटचा दिवस आहे गा. तू नसशील तर साखळी कशी चालेल?"

त्याचा चेहरा उजळला. असे कुणी त्याला म्हटले नसावे. निदान मी कधीच म्हटले नव्हते.

रविवारी सत्तेचाळीस माणसे आली. आभाळ भरलेले होते, वारा पडला होता. सगळ्यांना लवकर आटपायचे होते. मी जागा नेमून दिल्या. खाली दोन जण फावड्याने भरणारे, मग फळीवर विश्वनाथ, त्याच्या पुढे, घट्ट जमिनीवर, मी. माझ्या पुढे चारुशीला. ती म्हणाली, आज तुम्ही आमची जागा घेतली. मी म्हणालो, शेवटच्या दिवशी तरी हलके घमेले मिळू दे.

ते खरेच हलके होते. पहिल्यांदाच मी ते हातांनी अनुभवले. काट्यावर वाचणे वेगळे. सव्वीस पौंडांची तयारी करून हात पुढे जायचे आणि घमेले स्वतःहून वर यायचे. दोन पौंडांपेक्षा फरक जास्त वाटत होता. शंभराच्या पुढे मी मोजायचे सोडून दिले. घमेल्याच्या कड्यांचा आवाज आणि श्वास, एवढेच.

साखळीत नजर हातांवर असते, माणसावर नाही. त्याचे हात खाली गेल्याचे मला म्हणूनच आधी कळले. कमरेशी येणारे घमेले मांडीशी आले.

फळी मोडली नव्हती. ती आवाज न करता खाली गेली होती, तिच्यावरच्या माणसासकट. विश्वनाथ कमरेपर्यंत गाळात होता. त्याने घमेले माझ्यापुढे धरले होते.

मी ते घेतले. वळलो. चारुशीलाला दिले.

परत वळलो तेव्हा गाळ त्याच्या छातीला लागला होता. मागच्याने त्याच्या हातात घमेले ठेवले होते आणि त्याने ते माझ्याकडे केले. तो माझ्याकडे पाहत होता. ओरडला नाही. मी त्याचे मनगट धरायला हवे होते. ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

मी घमेले घेतले. वळलो. दिले.

तिसरे त्याने डोक्यावरून दिले.

चौथे इतके हलके होते की मी आत पाहिले. ते काठोकाठ भरलेले होते. मी ते चारुशीलाला दिले. वळून हात पुढे केले.

समोर कुणी नव्हते.

फावडेवाला ओरडला तेव्हा साखळी थांबली. दोर आले, बांबू आले, खांद्यापर्यंत हात घालून वीस माणसे चाचपडत होती. गाळ साडेचार फुटांचाच होता. विश्वनाथ पाच फूट दोन इंच होता. उभा राहिला असता तरी डोके वर राहिले असते, हे मी फौजदाराला नकाशासह दाखवले. त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळा भाग उपसून मुरूम उघडा केला. फक्त फळी सापडली. तुळजाबाई पाळीवर बसून होत्या. त्यांना उठवायला कुणी गेले नाही. रात्री आठला पाऊस आला आणि खड्डा भरायला लागला.

मला कुणी दोष दिला नाही. फळीची मी आदल्या दिवशी परीक्षा घेतली होती. दोन्ही गवळ्यांनी तशी साक्ष दिली.

श्रावणात देखरेखीची जागा मला मिळाली. तलाव त्या वर्षी काठोकाठ भरला. हिवाळ्यात मी त्रेपन्न बदके मोजली. गोपाळरावांनी सभेत तो आकडा वाचून दाखवला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुळजाबाई सभेला आल्या नव्हत्या. त्या खाप्याला भावाकडे राहायला गेल्याचे नंतर कळले.

पुढच्या होळीनंतर साखळी पुन्हा उभी राहिली. खालच्या टोकाला जायला कुणी तयार नव्हते, म्हणून मी गेलो. चारुशीला माझ्या पुढे आली. पाच-सहा घमेली गेल्यावर तिने एक हातात धरून ठेवले. नियम मोडून ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली.

"गणपतराव," ती म्हणाली, "तुमच्या हातचं घमेलं हलकं लागतंय."

वर्षभर मी या वाक्यासाठी झुरलो होतो. खोटे लिहून काय उपयोग, मला आनंदच झाला. त्या सकाळी मी एकदाही जागा बदलली नाही. लोक आपसात बोलताना मी ऐकले, आणि दोन म्हाताऱ्यांनी चारुशीलाला बाजूला सरकायला सांगितले.

साडेआठला काम संपले. पाय जरा भरून आले होते, म्हणून मी कोष्टीपुऱ्याच्या नाक्यावर टांगा केला आणि मागच्या बाकावर बसलो. टांगेवाल्याने लगाम हलवला. घोडा पुढे झुकला, पण टांगा हलला नाही. मग पुढचे दोन्ही दांडे हळूहळू वर उचलले गेले आणि घोड्याचे पुढचे पाय रस्त्यावरून सुटू लागले. टांगेवाल्याने घाईने त्याला सावरले. त्याने मागे वळून पाहिले नाही.

"घोडं लहान हाय जी," तो म्हणाला. "दोघातल्या एकानं उतरा."

मागच्या बाकावर मी एकटाच होतो.